प्रकरण चौथे

तीन बहिणींत ती धाकटी, म्हणून घरात सगळे तिला बारकी म्हणत. चाळिशी ओलांडली, कानामागचे केस पिकायला लागले, कायद्याच्या कॉलेजात सतरा वर्षं शिकवून झाली, तरी बारकी ती बारकीच राहिली. घटनात्मक कायद्यात पीएच.डी. करायचं तिनं ठरवलं, तेव्हा थोरलीनं फोनवर विचारलं, "आता या वयात कशाला गं डोक्याला ताप?" मधली म्हणाली, "करू दे की. घरात एक तरी डॉक्टर होईल, गोळ्या न देणारी." आईनं काहीच विचारलं नाही. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पुसून मोकळा केला आणि बोटानं रेघ ओढून सांगितलं, "इथपर्यंत तुझे कागद. इथून पुढे माझी भाजी."

विषय तिनं स्वतः निवडला होता. कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही, असं राज्यघटना सांगते. पण ती रीत एकदा सुरू झाली आणि मध्येच झोपी गेली, तर आत अडकलेल्या माणसाचं काय? तिच्या गाइडना, म्हणजे सरांना, हा प्रश्न फार आवडला. "मात्र नुसते निकाल वाचून भागायचं नाही," ते म्हणाले. "खालच्या कोर्टाच्या फायली उपस. तिथं खरा माल आहे."

म्हणून पहिल्या वर्षी बारकी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसू लागली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, लाल कापडात बांधलेली गाठोडी, आणि नाकाला रुमाल बांधून शिडीवर चढणारा एक म्हातारा दप्तरी. त्यानं तिला खिडकीजवळ एक स्टूल दिलं आणि बजावलं, "बाई, गाठोडं जसं सुटलं तसंच बांधायचं. गाठ सुद्धा तीच." कारवाई मध्येच थांबलेल्या फायली तिनं एकेक करून वाचल्या. नावं गुप्त ठेवायची असा संशोधनाचा दंडक होता, म्हणून खरी नावं तिनं वेगळ्या वहीत ठेवली, प्रत्येक फायलीला नंबर दिला आणि एकेक पुठ्ठ्याचं कार्ड केलं.

अठराव्या फायलीपाशी तिचा हात थांबला.

एकोणतीस वर्षांचा एक माणूस. त्यानं थंडीत एका गोदामाचं कुलूप तोडलं, आतली दोन घोंगडी घेतली आणि तिथंच झोपला. सकाळी पकडला गेला. कोर्टात उभा केला तर विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर देईना, भलतंच बोलू लागला. न्यायाधीशांनी त्याला मनोरुग्णालयात पाठवलं आणि हुकूम लिहिला की आरोपी खटला समजण्याइतका बरा होईपर्यंत कामकाज थांबवावं. त्या हुकमाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं.

हुकमाच्या मागे रुग्णालयाची पत्रं होती. पहिलं दोन वर्षांनंतरचं: रुग्ण बरा आहे, खटल्यास उभा राहू शकतो, तारीख मिळावी. त्यावर कोर्टाचा शिक्का होता, पत्र मिळाल्याचा. त्याच सुमारास कोर्टाचे दोन भाग झाले होते, अर्धी दप्तरं दुसऱ्या इमारतीत गेली होती, आणि ते पत्र कुणा न्यायाधीशापुढे गेलंच नव्हतं. नुसतं फायलीला टोचलं गेलं होतं. मग दुसरं पत्र. मग तिसरं. आणि त्यांच्या मध्ये पाच पोस्टकार्डं, त्या माणसाच्या स्वतःच्या हातची. अक्षर शाळकरी, पण स्वच्छ. शेवटच्या कार्डावर एवढंच होतं: 'साहेब, माझी तारीख कळवावी. मी तयार आहे.'

बारकीच्या छातीत धडधडायला लागलं. आणि खरं सांगायचं तर ती धडधड आनंदाची होती. एवढं मोठं घबाड एखाद्या संशोधकाच्या हाती जन्मात एकदाच लागतं. तिनं आपल्या पुठ्ठ्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'उत्तम उदाहरण. प्रकरण चौथे.' बाहेर जाऊन दोन कप चहा प्यायली.

हा माणूस आता कुठे असेल, असं मनात आलं नाही असं नाही. फाईल परत देताना तिनं दप्तऱ्याला विचारलं, "हा सुटला असेल ना हो एव्हाना?"

दप्तरी गाठ मारत म्हणाला, "इथं कागद असतात, बाई. माणसांचं आम्हाला काय ठाऊक?"

तिनं कार्डाच्या पाठीवर 'चौकशी करणे' असं लिहिलं. मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सरांनी दुसरं प्रकरण तीनदा परत पाठवलं. कार्ड गठ्ठ्यात गेलं आणि त्याची पाठ पुन्हा कुणी पाहिली नाही.

चौथं प्रकरण मात्र सगळ्यांत सरस उतरलं. पोस्टकार्डावरचं ते वाक्य तिनं प्रकरणाच्या माथ्यावरच घातलं. लिहीत होती त्या दिवसांत ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. दात घासताना यायचं, वर्गात हजेरी घेताना यायचं. एकदा बँकेच्या रांगेत तर इतकं कानाशी आलं की तिनं वळून मागच्या माणसाला विचारलं, "काय म्हणालात?" तो बिचारा काहीच म्हणाला नव्हता. लेखन मनासारखं चाललं की असं होत असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पाच वर्षांनी तोंडी परीक्षा झाली. विभागातल्या लांबट खोलीत सहकारी, विद्यार्थी, मागच्या खुर्चीवर इस्त्रीची साडी नेसून आई. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई उतारवयाच्या, आवाज बारीक. त्यांनी तासभर चांगले, अवघड प्रश्न विचारले आणि बारकीनं सगळ्यांना चोख उत्तरं दिली. सर खूश होऊन पेनाचं टोपण उघडझाप करत होते. शेवटी बाईंनी प्रबंध चौथ्या प्रकरणाशी उघडला.

"हे अठरा नंबरचं उदाहरण. अंगावर काटा येतो वाचताना. हा माणूस आता कुठे आहे?"

"मॅडम, फाईल तिथंच संपते," बारकी म्हणाली.

"ते आलं लक्षात. मी माणसाचं विचारतेय."

बारकीनं आपल्या प्रतीतलं तेच पान उघडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सर मध्ये पडले, "संशोधनाची मर्यादा पहिल्याच प्रकरणात नमूद केली आहे, मॅडम." बाईंनी मान डोलावली, "हो, केली आहे खरी," आणि प्रबंध मिटला. पदवीची शिफारस झाली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मधलीनं फोन करून "डॉक्टरीणबाई, माझी कंबर धरलीय, काय घेऊ?" असं विचारलं, तेव्हाही बारकी हसली नाही.

आई टॅक्सीत म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं त्याचं उत्तर तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग विचारून ये की."

पुढच्या बुधवारी रजा टाकून ती गेली. रुग्णालय गावाबाहेर होतं, तीन तासांवर. दगडी भिंत, आत ओळीनं बैठ्या खोल्या, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. पुरुष विभागाच्या मेट्रन निवृत्तीला आलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला. बारकीनं फायलीतलं नाव सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते नाव तिनं तोंडानं उच्चारलं.

मेट्रननी चष्मा काढला. "कोण तुम्ही त्यांच्या?"

"कुणी नाही. मी कायदा शिकवते. त्यांच्या खटल्याबद्दल..."

"गेले ते," मेट्रन म्हणाल्या. "अकरा महिने झाले. निमोनिया."

बारकी उभीच होती. मेट्रननीच तिला खुर्ची दिली आणि मग आपणहून सांगत गेल्या, जणू कुणीतरी विचारायला यायची त्या वाट पाहत होत्या. माणूस कसला गुणी होता. औषधानं दोन वर्षांत बरा झाला, तो झालाच. धुलाईखाना तोच सांभाळायचा. चादरीच्या घड्या अशा घालायचा की कडेला कड, एका सुताचाही फरक नाही. कोर्टाला पत्रं मेट्रननीच लिहिली होती, डॉक्टरांची सही घेऊन. उत्तर नाही. वकील लावायला घरचं कुणी नाही. पहिल्यांदा त्याला कोर्टात नेलं होतं तो सोमवार होता, म्हणून तारीख सोमवारीच पडणार असं त्याच्या डोक्यात बसलेलं. दर सोमवारी सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, वरचं बटण लावायचा आणि फाटकासमोरच्या बाकावर बसायचा. दुपारी जेवणाची घंटा झाली की शर्ट काढून घडी करून ठेवायचा आणि धुलाईखान्यात कामाला लागायचा.

"सव्वीस वर्षं," मेट्रन म्हणाल्या. "कधी कुरकुर केली नाही हो. तेच जिवाला लागतं."

मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं त्यांच्याबद्दल?"

खोटं बोलणं सोपं होतं. बारकी म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी."

मेट्रननी मनात हिशेब केला असावा. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे ते होते की तेव्हा. चार वर्षं होते."

"हो."

"मग? काय केलंत तुम्ही?"

"लिहून घेतलं," बारकी म्हणाली.

मेट्रन रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खिडकीबाहेर कुणाला तरी चादरी काढायला सांगितल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "ऊन कलायच्या आत निघा. बस चुकेल."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी, दुसऱ्या तासाला, बारकी व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम शिकवत होती. वर्गाचं दार उघडं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीलगत एक बाक होता, तिथं कुणीतरी बसलेलं तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. पांढराशुभ्र शर्ट, वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील असतील असं वाटून ती वाक्य पुरं करून दारापर्यंत गेली. बाक रिकामा. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. लख्ख ऊन पडलेलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या सोमवारी ती मुद्दाम दाराकडे पाठ करून उभी राहिली, तर पाठीला जाणवायला लागलं. तो काही करत नसे, बघतही नसे. नुसता बसून असे, नंबर येईल म्हणून बसलेल्या माणसासारखा. बारकीचं शिकवण्यातलं लक्ष उडालं. जेवण जाईना. एकदा आईनं टेबलावरच्या रेघेपलीकडे हात घालून तिचे कागद बाजूला सारले.

"काय झालंय ते सांग. आणि 'काही नाही' म्हणशील तर बघ."

बारकीनं सगळं सांगितलं. आई घाबरली नाही, हसलीही नाही. शेंगा सोलत राहिली.

"तुझा दोष आहे का यात?" तिनं शेवटी विचारलं.

"एक अर्ज, आई. नुसता एक कागद हायकोर्टात टाकला असता, तर महिन्याभरात सुटला असता. मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

"मग आहे," आई म्हणाली. "नाही म्हणून तुझी समजूत काढू, तर तुला ते पटायचं नाही. पण त्याच्यासारखी आणखी किती गं होती तुझ्या त्या कार्डांत?"

बारकीनं उठून कपाटावरचा खोका खाली काढला.

एकूण त्रेसष्ट कार्डं. त्यांत आजारपणामुळे खटला थांबलेली, अठरा नंबर सोडून, अकरा. दुसऱ्या दिवशी ही अकरा आणि अठरा नंबरचं, अशी बारा कार्डं घेऊन ती आपल्या वकील मैत्रिणीकडे गेली. हिचा आवाज असा की कोर्टात तिला सगळे तोफ म्हणत. तोफेनं कार्डं चाळली, अठराव्याच्या पाठीवरचं 'चौकशी करणे' वाचलं, बारकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "चल, करू चौकशी."

सरांच्या कानावर घालणं भाग होतं. त्यांना ते काही फारसं रुचलं नाही. "अगं, पदवीची अधिसूचना अजून निघायची आहे. उद्या कुणी म्हणेल, गोपनीय माहिती वापरली. सहा महिने थांब, मग काय हवं ते कर."

"सर, थांबून झालंय माझं," ती म्हणाली. "आणि ते माथ्यावरचं वाक्य मला काढून टाकायचंय."

"का? त्यानं तर प्रकरण उभं राहिलंय!"

"म्हणूनच."

सरांनी तिनं आणलेला दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढला. मग म्हणाले, "फायली उपस असं मीच सांगितलं होतं तुला. मलाही विचारायचं सुचलं नाही." त्यांनी तिच्या अर्जावर शिफारस लिहून दिली. विद्यापीठाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: मंजूर झालेल्या प्रबंधात बदल करण्याची तरतूद नाही. प्रबंध बांधून ग्रंथालयात गेला. ते वाक्य तिथं आहे, आणि पुढच्या संशोधकांना फार आवडतं म्हणतात.

अकरापैकी चौघं वारली होती. पाच जण कधीच सुटून घरी गेले होते, त्यांतल्या एकानं फोनवर "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून खडसावलं, तेव्हा बारकीला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. एकाचा पत्ता कुठंच लागेना. आणि एक बाई अजून आत होती.

अडतीस नंबर. दुसऱ्याच एका रुग्णालयात, एकवीस वर्षं. दिराची गवताची गंजी पेटवल्याचा आरोप. आता साठीच्या पुढची, वॉर्डात सगळे तिला आजी म्हणत. बारकी भेटायला गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. "कोर्टात जायचंय का, आजी?" विचारल्यावर म्हणाली, "नेता का? मी कधीची म्हणतेय."

तोफेनं हायकोर्टात अर्ज टाकला. सुनावणीच्या दिवशी आजी दोन परिचारिकांच्या मध्ये उभी राहिली. तिनं न्यायाधीशांना विचारलं, "बसू का?" ते घाईनं म्हणाले, "बसा, बसा." फाईल त्यांनी सगळी वाचली. सरकारी वकील उठून काहीतरी सांगायला लागले आणि अर्ध्यावर स्वतःच खाली बसले. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, खटला रद्द केला. एकूण दहा-बारा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर बारकी जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली. दहा मिनिटांचं काम होतं, हे तिला कागदावर माहीत होतं. घड्याळात आत्ता दिसलं.

हे सगळं केलं म्हणून बाकावरचा माणूस गेला का? तसं काही झालं नाही. आईला वाटलं होतं जाईल, बारकीलाही वाटलं होतं. सोमवार येतो, दुसरा तास येतो, आणि कधी कधी तो असतो. ती आता दाराकडे पाठ करत नाही. वर्ग सुटला की जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते, घंटा होईपर्यंत. पत्ता न लागलेल्या त्या एकाचा शोध मात्र चालू आहे, आणि तोफ दुसऱ्या दोन जिल्ह्यांच्या फायली मागवते आहे.

आजीला घ्यायला घरचं कुणी आलं नाही. दीर वारला होता, पुतण्यानं फोन ठेवून दिला. निराधार बायकांच्या एका निवासात तिची सोय झाली आणि तोफेच्या गाडीतून तिघी निघाल्या. आजी पुढच्या सीटवर बसली, काच खाली करून घेतली. गाव मागे पडल्यावर एकाएकी म्हणाली, "गंजी मीच पेटवली होती, बरं का."

तोफेनं गाडी हळू केली. "आजी, आता ते सांगायची गरज नाही. केस संपली."

"तुमची संपली असेल. मला कुणी विचारलंच नाही तिथं. सगळं पाठ करून ठेवलंय मी, पहिल्यापासून." ती मागे वळली, बारकीकडे. "तुला ऐकायचंय का?"

"सांगा," बारकी म्हणाली.

आजी सांगू लागली. लग्न होऊन आली तिथपासून. नवरा कसा होता, विहीर कुणाची होती, दिरानं कुंपण कधी सरकवलं, कुणापुढे ती रडली आणि कुणी तिला दारातून परत पाठवलं. माणसांचे आवाज काढून सांगत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. काडी ओढली त्या सकाळपर्यंत ती अजून आलीही नव्हती, तोवर निवासाचं फाटक आलं. आतून एक बाई किल्ल्या घेऊन बाहेर आली. तोफेनं दार उघडायला हात घातला.

"थांब गं," आजी म्हणाली, "अजून व्हायचंय."

तोफेनं किल्ल्यावालीला खूण केली, इंजिन बंद केलं. बारकी पुढे सरकून आजीच्या सीटला टेकली. फाटकातली बाई थोडा वेळ उभी राहिली, मग पायरीवर बसली.

"कुठे होते मी?" आजीनं विचारलं.

"कुंपणाशी," बारकी म्हणाली.

"हां. तर कुंपण सरकवलं ना, तो मंगळवार होता..."